सुगंधाकाकींचं गाऱ्हाणं

सुगंधाकाकी जाऊन आता दोन शिमगे झाले. आमच्या वाडीत माणूस गेल्याचा हिशोब शिमग्यानं धरतात, कारण तेवढ्या एका सणाला मुंबईचा झाडून सगळा चाकरमानी घरी असतो आणि कोण आहे, कोण नाही ते एका नजरेत कळतं. काकी नाहीत हे कळायला मात्र नजरसुद्धा लागत नाही. वाडी मेली कशी गप्प झाली आहे.

त्यांचं घर आमच्या घराला लागून. मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. मी देवरुखहून लग्न होऊन इथे आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मागच्या पडवीत दात घासत उभी होते, तर गडग्यापलीकडून असा आवाज उठला की माझ्या हातातला ब्रश खाली पडला.

"बा म्हाराजा! शिलिंडरचा नंबर लावून आठ दिस झाले, त्यो गाडीवाला मेला इकडं फिरकलेला नाय. तर जी काय त्येची अडचन आसंल ती दूर कर आनि त्येला आमच्या वाडीची वाट दाखव रे म्हाराजा!"

बघते तर एक ठेंगणी, काडीसारखी बाई, तोंडात मशेरी, पदर कमरेला खोचलेला, आभाळाकडे हात जोडून उभी. एवढ्याशा देहात तो आवाज देवानं कुठे ठेवला होता कोण जाणे. मग ती माझ्याकडे वळली आणि रागानं म्हणाली, "म्हन की गो!"

"काय म्हणू?"

"व्हय म्हाराजा म्हन! नुसती बघत काय ऱ्हायलीस? मागनं लोंबकळत ऱ्हायलंय माझं."

मी नवी नवरी. तोंडात पेस्टचा फेस. तशीच म्हणाले, "व्हय म्हाराजा." तेव्हा कुठे त्या बाईनं जोडलेले हात सोडले आणि मला विचारलं, "कुनाची गो तू? अण्णांची सून काय?"

सिलिंडर त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण काकींना त्याचं काही नसायचं. "मागताना लाजू नये आनि मागून झाल्यावर दारात बघत बसू नये," त्या म्हणायच्या. "देवाला काय आपलं येकच काम हाय?"

आता गाऱ्हाणं आमच्या रत्नागिरीकडे कुणाला नवं नाही. देवळात किंवा पालखीपुढे नारळ ठेवून मोठ्यानं मागणं मांडायचं, आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेल्या भावकीनं "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला जोर द्यायचा. पण हे काम पुरुषांचं, त्यातही गुरवाचं नाहीतर मानकऱ्याचं. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. का नसतं ते कुणाला सांगता येत नाही. नसतं म्हणजे नसतं. काकींचे यजमान, नाना, हे गावच्या देवळाचे गुरव. माणूस देवाचा, पण आवाज उंदराचा, आणि आठवणीच्या नावानं सगळा आनंद. जन्मभर नाना देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालत होते आणि जन्मभर काकी खांबाआड उभ्या राहून त्यांना पुढचा शब्द पुरवत होत्या. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं आणि अख्खं गाव खांबाकडे न बघता उभं राहायचं.

माझे सासरे, अण्णा, भावकीतले मोठे मानकरी. ते एक किस्सा सांगताना अजून ठसका लागेपर्यंत हसतात. एका शिमग्यात सकाळीच नानांचं आणि काकींचं वाजलं होतं. नाना काकींच्या भावाला "फुकट खाऊ" म्हणाले होते. काकी रोजच्यासारख्या खांबाआड येऊन उभ्या राहिल्या, पण तोंडाला कुलूप. नानांनी सुरुवात तर जोरात केली, आणि चार मागण्यांनंतर गाडी अडली. नाना खांबाकडे बघताहेत, खांब काही बोलत नाही. सगळी भावकी हात जोडून, डोळे मिटून उभी. शेवटी नानांना घाम फुटला आणि ते म्हणाले, "पुढचं... पुढचं घरी विचारून सांगतंय रे म्हाराजा!"

आणि सगळी भावकी एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

अण्णांचं म्हणणं, यात भावकीची काही चूक नाही. लहानपणापासूनची सवय ती. 'म्हाराजा' कानावर पडलं की 'व्हय' सुटणारच, तिथे डोक्याला कोण विचारतो.

नाना गेल्यावर गाऱ्हाणं त्यांच्या पुतण्याकडे, बंड्याकडे आलं. बंड्या मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला. पोरगा गुणाचा, पण तो मोबाईलवर बघून गाऱ्हाणं वाचतो. एकदा ऐन रंगात त्याला कर्ज हवंय का विचारणारा फोन आला होता. काकींना हे मोबाईल प्रकरण अजिबात सोसायचं नाही. "नोटीस वाचून दाखवतात," त्या म्हणायच्या, "देवाला नोटीस देतोस काय रे मेल्या?" तरी त्याला शब्द त्यांनीच शिकवले होते. मी एकदा विचारलं, "काकी, तुम्हालाच सगळं येतं, तर तुम्हाला वाईट नाही वाटत?"

काकी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "देवाला माझा आवाज वळखीचा हाय. खांबाआडून का व्हयना, येवढी वर्सं त्यो माझंच ऐकतोय." मग सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "पन येकदा समोर उभं ऱ्हावून घालायला मिळालं आसतं तर बरं झालं आसतं गो."

ते मिळत नव्हतं, म्हणून मग काकी बाकी सगळीकडे गाऱ्हाणं घालायच्या. एसटी आली नाही की स्टॉपवर. कोंबडी अंडं देईना की खुराड्यापुढे. आणि दातांच्या डॉक्टरकडे. तिथे मीच त्यांना घेऊन गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं.

एक सांगायचं राहिलं. काकी भयंकर भित्र्या होत्या. रक्ताचा थेंब दिसला की आडव्या. वाडीत कोंबडी कापायची असेल तर आधी काकींना घरात पाठवत. सुई म्हटलं की त्या दाराकडे पळायच्या. दाढ दुखून गाल फुगला, दोन रात्री जागल्या, तेव्हा कुठे रत्नागिरीला यायला तयार झाल्या. डॉक्टर अगदी तरुण मुलगा. त्यानं सुई हातात घेतली मात्र, काकी खुर्चीतच हात जोडून सुरू झाल्या. "बा म्हाराजा! ह्यो डाक्टर कोवळा हाय, ह्येचा हात थरथरू देऊ नको रे म्हाराजा!"

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." काय करणार! दार उघडंच होतं. बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी दोघं सुजलेल्या गालांनी म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"माझी दाढ येका दमात भायेर काढ, आनि शेजारची शाबूत ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बाहेरची सगळी बाकं. आणि त्यांच्या जोडीला खुद्द डॉक्टर, कारण तोही राजापूरकडचाच निघाला. 'म्हाराजा'ला काकींचा जबडा पूर्ण उघडायचा, तेवढ्यात त्यानं सुई मारली, तेवढ्यातच पुढचं सगळं उरकलं.

परत येताना गालात कापूस धरून त्यांनी मला आपलं शास्त्र सांगितलं. "दुखनं गप गिळलं तर आत ऱ्हातं. नुसतं वराडलं तर भ्याव वाढतं. दुखनं मागन्यात घालायचं बघ. मागनाऱ्या मानसाला रडायला येळ नसतो."

मी हसले. आणि मग का कोण जाणे, एसटीत त्यांच्या शेजारी बसून मला रडूच आलं. मी त्यांना माझं पहिलं बाळंतपण सांगितलं. दवाखान्यात जाण्याआधी सासूबाईंनी बजावलं होतं, "आमच्या घरात बाळंतीण ओरडत नाही. मी तिन्ही वेळा ओठ मिटून बाळंत झाले." मग मीही ओठ मिटले. उशीचा कोपरा दातात धरून सगळी रात्र काढली. मुलगा झाला, सगळं छान झालं, पण मला वाटत होतं की मी आतल्या आत मरून परत आले आहे. त्या भीतीनंच मी दुसऱ्या मुलाचं नाव काढू देत नव्हते. आता दिवस राहिले होते, आणि पोट वाढत होतं तसतशी माझी झोप उडत होती.

काकींनी गालातला कापूस काढून हातात घेतला, इतका त्यांना राग आला. "गप? होळीला सगळा गाव बोंबलतो त्ये चालतं, आनि बाईनं पोर काडताना गप? कुनी सांगितलं गो? वैनीनं? थांब, तिला बघतंय मी!"

वैनी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आई म्हणतो. काकींनी त्यांना बघितलं की नाही माहीत नाही, पण डॉक्टरांनी शिमग्यानंतरची तारीख दिली आणि घरात वेगळाच घोर सुरू झाला. अण्णांनी मला तीन-तीनदा विचारलं, "नक्की नंतरचीच ना? नीट विचारलंस ना डॉक्टरला?" जसं काही डॉक्टर एसटीचं रिझर्व्हेशनच देत होते.

त्याला कारण होतं. आमच्यात घरी मूल जन्मलं की सगळ्या भावकीला दहा दिवसांचं सोयर लागतं, आणि सोयरात देवाला शिवायचं नसतं. शिमग्यात देवाची पालखी घरोघरी फिरते, आणि ती खांद्यावर घ्यायचा मान आमच्याच भावकीचा. म्हणजे ऐन शिमग्यात मी बाळंत झाले तर पालखी उचलायला माणूस नाही! त्यामुळे त्या महिन्यात वाटेनं जाणारा प्रत्येक बाप्या थांबून विचारायचा, "काय वैनी, बरं ना?" आणि नजर माझ्या पोटावर. एकच काय ती सवलत होती. सोयर लागतं ते कानावर आल्यापासून. ऐकलंच नाही, तोवर लागत नाही.

पालखी आमच्या वाडीत यायची त्या दिवशी सकाळी अंगणात रांगोळी काढताना माझी कंबर भरून आली. म्हटलं, वाकून असेल. वडे तळताना परत आली. म्हटलं, उभं राहून असेल. आज पालखी, आज कुठे कुणाला सांगायचं, म्हणून गप्प राहिले. दुपारी जेवणं होऊन पुरुषमाणसं वरच्या वाडीत पालखीबरोबर गेली, थोरला माझा बापाच्या मागे नाचत गेला, आणि मी भांडी विसळायला वाकले तर पायाखाली पाणीच पाणी.

"अगं बाई! आज?" आई म्हणाल्या.

"मी काय मुद्दाम केलंय?"

ह्यांना फोन लावला तर तो कपाटावरच वाजला. पालखीखाली कुणी फोन घेऊन नाचत नाही. ॲम्ब्युलन्सला लावला. ते म्हणाले गाडी एका पेशंटला सोडतेय, तिथून निघते. उपकेंद्राच्या सिस्टर शिमग्याला गुहागरला माहेरी गेलेल्या, त्यांना लावला. त्या बिचाऱ्या ढोलांच्या गजरातून ओरडून बोलत होत्या. कळा किती वेळानं येताहेत ते ऐकलं आणि म्हणाल्या, "दुसरी खेप आहे, रिक्षात बिलकूल घालू नका, वाटेत होईल. आई, हात साबणानं धुवा, स्वच्छ कपडे काढा, फोन स्पीकरवर ठेवा, मी आहे."

आईंनी पडवीतून हाक मारली, "सुगंधा, ये गो लवकर!" काकी त्या वयात गडगा ओलांडून आल्या. खोलीत पाऊल टाकलं, जमिनीवरचं पाणी बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. "मी हितं डोक्याशी बसतंय. खालचं मला काय दाखवू नका, नायतर तुमाला दोघींना सांभाळावं लागंल." बसल्या, डोळे गच्च मिटले आणि आपलं मनगट माझ्या हातात दिलं. "हां. कळ आली की आवळ."

बाळंतपणातलं काकींना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाच्या वेळी त्या आसपास फिरकल्या नव्हत्या. हे मला पक्कं माहीत होतं, तरी ते हाडकुळं मनगट हातात आल्यावर मला धीर आला.

कळ आली. कमरेत कुणीतरी पहार घालून उचकटावं तशी. मी जुन्या सवयीनं ओठ मिटले आणि आवळलं. काकींनी डोळे मिटूनच दुसऱ्या हातानं माझा गाल चापटला. "तोंड उघड! तोंड मिटून कोन मागतं काय? बा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ही तुझी लेक आज अडलेली हाय..."

"व्हय म्हाराजा," मी दातांतून.

"पोट रिकामं करून म्हन! तिच्या वाटंत जो काय काटाकुटा आसंल, जो काय धोंडा आसंल, त्यो बाजूला सार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

त्या शेवटच्या लांब 'आ'नं माझा जबडा सुटला, आणि जबड्याबरोबर खालचंही काहीतरी सैल झालं. दुखायचं कमी झालं असं नाही हं, खोटं कशाला बोलू? दुखत होतं, आई आई म्हणावंसं वाटत होतं. पण पुढच्या 'म्हाराजा'साठी श्वास घ्यायचा असे, आणि त्या नादात कळ चढून उतरून जायची. माझी पकड ढिली झाली की काकी "सांभाळ रे म्हाराजा" म्हणून थांबायच्या. पकड आवळली की परत सुरू. फोनमधून सिस्टर म्हणाल्या, "छान चाललंय, असाच श्वास सोडत राहा!" आणि पुढच्या खेपेपासून गुहागरहून त्याही म्हणू लागल्या, "व्हय म्हाराजा!"

काकींचा साठा मोठा होता, पण कळांचा त्याहून मोठा निघाला. पालखीचं घालून झालं, गणपतीचं झालं, पेरणीचं झालं. मग विहिरीला पाणी लागू दे म्हणून घालायला लागल्या.

"काकी, हे विहिरीचं आहे!"

"आसूं दे, अडलेलंच काम हाय त्ये पन!" आणि ते संपल्यावर म्हणाल्या, "माझं सरलं. आता तुझं तू घाल. काय आसंल त्ये माग."

मी काय मागणार? कळ आली आणि तोंडाला येईल ते सुटलं. "बा म्हाराजा! मिक्सर मेला चार महिने बंद आहे, कुणी दुरुस्तीला नेत नाही रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "राजेशला सांगून सांगून माझी जीभ झिजली रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" नवऱ्याचं नाव मी लग्नानंतर उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. ते घेतलं आणि मग धरण फुटलं. "आणि मी सहा वर्षं ह्या घरात राबते, पण माझ्या आमटीला आई रोज नावं ठेवतात, रोज! एक दिवस तरी त्यांच्या तोंडून बरा शब्द येऊ दे रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" आई म्हणाल्या. हातात कपडा घेऊन, सगळ्यात मोठ्यानं. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "आमटीला? माझ्याबद्दल गो?"

"आई, आमटीचं नंतर!" सिस्टर फोनमधून. "डोकं दिसतंय का बघा!"

डोकं दिसत होतं. आणि नेमका तेव्हाच अंगणात ढोल आला.

पालखी तासभर लवकर आली होती. कारण बंड्याच्या मोबाईलची बॅटरी वरच्या वाडीतच संपली होती, आणि त्यानं घरोघरी दोन-दोन वाक्यांत उरकलं होतं. आता मानकऱ्याचं घर, इथे दोन वाक्यांत भागत नाही. ढोल थांबले. पालखी आमच्या अंगणात, सगळी भावकी हात जोडून, आणि बंड्या गप्प. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला कळली फक्त कळ, आजवरची सगळ्यात मोठी, आणि मी काकींचं मनगट मोडेल इतकं आवळलं.

"बा म्हाराजा!" काकींचा आवाज खिडकीतून बाहेर गेला. "ह्या घरच्या लेकीला बळ दे, तिचा मारग मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाहेरून. पन्नासेक बाप्ये. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. काकींनी घाबरून डोळे उघडले. "अगो बाय, पालखी! मी बायमानूस, पालखीम्होरं..."

"काकी, घाला!" मी किंचाळले. सासूबाईंच्या तिन्ही बाळंतपणांची कसर भरून निघेल असं किंचाळले.

काकींनी खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोळे परत मिटले आणि घातलं. असं घातलं की तसं मी परत ऐकलं नाही. मागणं त्यांचं, 'व्हय' सगळ्या भावकीचं, आणि त्या 'व्हय'च्या लाटेवर मी जोर करत गेले. मधेच मीही ओरडले, "राजेश, मिक्सर दुरुस्त कर रे म्हाराजा!" आणि बाहेर पालखीच्या दांड्याला खांदा दिलेल्या माझ्या नवऱ्यानं सगळ्यांबरोबर इमानेइतबारे "व्हय म्हाराजा" म्हटलं. शपथेवर सांगते.

"आलं, आलं गो बाय, आलं!" आई रडायला लागल्या. आणि बाळानं टाहो फोडला.

अंगण चिडीचूप. आता भावकीनं ऐकलं म्हणजे सोयर. सोयर म्हणजे पालखी खाली. खाली ठेवली तर उचलणार कोण?  मग अण्णांचा आवाज आला, "बघताय काय? वाजवा रे!"

ढोल असे कडाडले की कौलांची धूळ खाली आली. बंड्या विचारत होता म्हणे, "काका, काय ऐकू आलं काय?" आणि अण्णा म्हणाले, "मांजर असेल. मी काही ऐकलं नाही. तू ऐकलंस?" बंड्यानं ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. पालखी ओटी न घेता नाचत नाचत अंगणाबाहेर पडली, आणि पुढचा ढोलवाला म्हणे असा बडवत होता की टिपरूच मोडलं.

आत आईंनी बाळ माझ्या छातीवर ठेवलं. "मुलगी हो, मुलगी!" काकींनी कौतुकानं डोळे उघडले, मान वळवली, नको ते दिसलं आणि त्या तिथेच आडव्या झाल्या. आईंनी आधी बाळ पुसलं की आधी काकींच्या तोंडावर पाणी मारलं, यावर आमच्याकडे अजून वाद आहे. सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे नाळेला कुणी हात लावला नाही. ॲम्ब्युलन्स आली, त्यातल्या डॉक्टरांनी नाळ कापली, दोघींना तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, पण दवाखान्यात जायलाच हवं म्हणाले. मला गाडीत घातलं. आई शेजारी बसल्या.

गाडी वाडीच्या रस्त्याला लागली आणि थांबली. समोर पालखी. रस्ता एका गाडीपुरता, दोन्हीकडे गडगे. गाडीला मागे वळायला जागा नाही, आणि निघालेली पालखी मागे फिरत नाही. सायरन वाजतोय, ढोल वाजताहेत, आणि माझी लेक दोघांना खाली पाडेल अशी रडतेय. ड्रायव्हरच्या डोक्यावरून मला समोरचं सगळं दिसत होतं. तेवढ्यात काकी आल्या. पदर ओला, केस विस्कटलेले, गाडीच्या पुढे धावत. "बाजू द्या! रिकामी गाडी हाय! आत कोन नाय!"

सगळी भावकी माडांच्या शेंड्यांकडे बघू लागली. ह्यांनीही मान वर केली होती, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मुलगा की मुलगी ते विचारता येत नव्हतं. मी जिवंत आहे का तेही विचारता येत नव्हतं. विचारलं तर ऐकावं लागणार.

पालखी वाटेवरून उतरवायची तर देवाला विचारायला हवं. अण्णांनी बंड्याकडे बघितलं. बंड्यानं आपल्या बंद मोबाईलकडे बघितलं.  मग अण्णांनी ढोल थांबवायला हात वर केला आणि म्हणाले, "सुगंधा, तू विचार."

काकी जागच्या जागी थिजल्या. त्यानंतर त्या आणखी काही वर्षं होत्या, पण मला आठवतात त्या तशा. भर रस्त्यात, पालखीच्या अगदी समोर, मध्ये खांब नाही की खिडकी नाही. त्यांनी पदर नीट केला, हात जोडले. आवाज सगळा बसला होता, घोगरा, फाटका, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"बा म्हाराजा! ही गाडी रिकामी हाय, आत कोन नाय, त्ये तुज्या समद्या लेकरांना ठावं हाय. तर ह्या रिकाम्या गाडीतली लक्षुमी आनि तिची आय सुखरूप जाऊ दे, सुखरूप घरला येऊ दे, आनि तिच्या बापाच्या खांद्याला बळ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पालखी गडग्याच्या खिंडारातून शेतात उतरली. गाडी हळूहळू पुढे सरकली. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागून, एकट्या ह्यांचा आवाज आला, रडका, फुटलेला. "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!"

"येकदाच म्हनायचं असतं रे मेल्या!" काकी डोळे पुसत ओरडल्या.